घरावर दगड नाही, सावली पडली

तीर्थस्वरूप वन्सं,

नमस्कार. (एका हातात पेन असल्यामुळे हा निम्माच समजावा, उरलेला भेटीत पुरा करीन.) तुमचा गुडघा आता काय म्हणतो? भावजींचा खोकला थांबला का, की आपण खोकत नाही, नुसता घसा साफ करतो असंच त्यांचं अजून म्हणणं आहे? थंडी तुमच्याकडे जास्त, तेव्हा दोघंही सांभाळून असा. इकडे आम्ही सगळे खुशाल आहोत. हे वाक्य दर पत्रात रीत म्हणून लिहिते, या वेळी मुद्दाम तुमच्या माहितीसाठी लिहिते आहे, कारण परवा तुमचं घाबरंघुबरं पत्र आलं. दगड घरावरून गेला, तीन सेकंद अंधार झाला आणि तू परसात भिजत उभी होतीस असं कळलं, कुणाला लागलं का, छप्पर शाबूत आहे का, वगैरे. वन्सं, कुणाला काही लागलेलं नाही. तुमच्या भावाने आनंदाच्या भरात फोन केला आणि तुम्ही तो नेमका डाव्या कानाला लावलात, त्यातून हा घोटाळा झाला. दगड खरा आहे. अंधारही खरा, आणि मी भिजले हेही खरं. पण तो दगड आपल्या घरापासून पंचवीस कोटी किलोमीटर लांब होता. घरावरून गेली ती त्याची सावली, आणि तिने एक कौलही हलवलं नाही. तरी तुम्हाला नीट कळावं म्हणून मुळापासून सांगते. चहा घेऊन बसा.

चार वर्षांपूर्वी एका सहा मजली इमारतीची लिफ्ट तिसऱ्या आणि चौथ्या मजल्याच्या मधे अडकली. आत भौतिकशास्त्राचे एक निवृत्त मास्तर (यांना आम्ही नुसतं 'सर' म्हणतो) आणि बाहेर पाना घेऊन तुमचे बंधू. अडकलेला माणूस एरवी ओरडतो, दार बडवतो, निदान पाणी तरी मागतो. सरांनी फटीतून विचारलं, "किती वेळ लागेल?" हे म्हणाले, "पाऊण तास." त्यावर सर म्हणाले, "वा, मग तुम्हाला एक गंमत सांगतो." पाऊण तासाने दार उघडलं तेव्हा गंमत अर्धीच झाली होती, म्हणून सरांनी बाहेर येण्याऐवजी हेच आत गेले आणि खाली बसून राहिले. वरच्या मजल्यावरच्या लोकांनी कंपनीला फोन केला की आता तुमचा माणूसही अडकला आहे. त्या दिवसापासून तो अडकलेलाच आहे असं माझं मत.

गंमत अशी, की सूर्याभोवती लाखो दगड फिरत असतात. त्यांना लघुग्रह म्हणतात. (मी कोर्टात लघुलेखक, त्यामुळे शब्द ऐकून उगाचच जरा नातं जाणवलं.) ते एवढे लहान आणि अंधूक की साध्या दुर्बिणीतून दिसतही नाहीत. पण एखादा दगड फिरता फिरता एखाद्या ताऱ्याच्या बरोबर समोरून गेला, तर तो तारा काही सेकंद झाकला जातो. याला म्हणायचं पिधान. (सुरुवातीला मी 'परिधान' ऐकलं आणि तारे काय नेसतात याचा दोन दिवस विचार केला.) दगडाची सावली पृथ्वीवर एका पट्ट्यात पडते, जेमतेम दगडाएवढ्याच रुंद. पट्ट्यात उभा असलेल्याला तारा गेलेला दिसतो, पट्ट्याबाहेरच्याला काहीच नाही. तारा किती सेकंद गेला ते मोजलं की दगडाची लांबी कळते, आणि बरीच माणसं ओळीने उभी राहिली तर त्याचा आकारसुद्धा काढता येतो. हे काम मोठमोठ्या वेधशाळांना एकट्याने जमत नाही, कारण वेधशाळा उचलून पट्ट्यात नेता येत नाही. परसात, गच्चीवर, शेताच्या बांधावर दुर्बीण घेऊन बसणारी माणसं लागतात. असं सर सांगतात आणि सांगताना त्यांचा चेहरा असा होतो की नाही म्हणवत नाही.

तर तुमच्या बंधूंनी चार वर्षांत अकरा वेळा प्रयत्न केला. पहिल्या तिन्ही वेळा ढग. चौथ्या वेळी आकाश स्वच्छ, वेळ अचूक, पण तारा भलताच. ज्या ताऱ्यावर पिधान होतं तो शेजारी आपला कार्यक्रम उरकून गेला. पाचव्या वेळी हे पाण्याच्या सार्वजनिक टाकीवर चढले आणि पहारेकऱ्याने खाली उतरवून नेमक्या त्या चार सेकंदांत नाव-पत्ता विचारला. सहाव्याबद्दल न बोललेलं बरं, पण सांगते. त्या दिवशी तारा खरोखर गेला! पुरे अकरा सेकंद! यांनी परसात उडी मारली, सरांना फोन केला, सरांच्या ओळखीच्या पंधरा-सोळा निरीक्षकांना कळवलं, मला मिठी मारली (परसात, दिवा चालू असताना). मग शेजारच्या टाचणीबाई कुंपणाशी आल्या. त्या शिवणकाम करतात, तोंडात सदा टाचण्या, म्हणून हे नाव. टाचण्यांनी त्यांच्या बोलण्यात काडीचा फरक पडत नाही. त्यांनी विचारलं, "माझी चादर वाऱ्याने तुमच्या बाजूला आली होती का हो?" तेव्हापासून त्या सगळ्या मंडळींत आमच्या घराला 'चादर' म्हणतात. कोणी काही पाहिलं की पहिला प्रश्न येतो, चादर तर नव्हे ना? सात ते अकरा या वेळांचा हिशेब देत नाही, फक्त एवढंच की एकदा दुर्बिणीत पाल होती.

आता बारावी वेळ. संध्याकाळी सात बेचाळीसला. दगडाला नावसुद्धा नाही, नुसता लांबलचक नंबर, आपल्याकडे वीजमीटरला असतो तसा. सरांच्या कागदाप्रमाणे सावलीची मध्यरेषा आपल्या घराच्या पस्तीस किलोमीटर उत्तरेला एका कोंबड्यांच्या फार्मवरून जात होती. साहजिकच मोठी दुर्बीण घेऊन हे तिकडे निघाले. सरांच्या ओळखीचे आणखी तिघं निरीक्षकही तिकडेच, थोड्या थोड्या अंतरावर. आणि सर मला म्हणाले, "वहिनी, तुम्ही घरच्या परसातून बघा. तिथून काही दिसणार नाही, पण दिसलं नाही ही नोंदसुद्धा लागते." हे मला पटलं. साक्षीदार 'मी काही पाहिलं नाही' म्हणाला तरी मी ते लिहितेच, सोडून देत नाही. पण यांनी त्यावर जे जोडलं ते मला झोंबलं. म्हणाले, "तुला जमेल गं, काही घडायचंच नाहीये."

वन्सं, त्या एका वाक्यासाठी मी आठ दिवस रोज कोर्टातून आल्यावर पदर खोचून लहान दुर्बिणीशी उभी राहिले. तारा शोधायचा म्हणजे जुन्या खटल्यातलं एखादं पान शोधण्यासारखं आहे. आधी मोठा ठळक तारा धरायचा, तिथून खाली वाकड्या खिळ्यासारखे तीन, खिळ्याच्या टोकाकडून डावीकडे एक जोडी, आणि जोडीच्या मधोमध जरा खाली आपला, अंधूकसा. पहिल्या दिवशी पाऊण तास लागला आणि गॅसवरची भाजी कोळसा झाली. चौथ्या दिवशी दहा मिनिटं. सातव्या दिवशी मी डोळा लावला आणि तो समोरच होता, जणू माझी वाट बघत. (या आठ दिवसांत भाजी चार वेळा जळली. तुमच्या भावाने तक्रार केली नाही, कारण स्वयंपाकघराची खिडकी बंद केली तर परसात अंधार चांगला मिळतो हे त्यांनीच सांगितलं होतं, आणि बंद खिडकीतून जळका वास बाहेर येत नाही.)

त्या दिवशी हे चार वाजताच गेले. मी सातला परसात. एका स्टुलावर सरांनी दिलेलं घड्याळ, ते दर सेकंदाला टिक करतं आणि मिनिट भरलं की 'पीं' करतं. त्याच्याजवळ मोबाईल, आवाज टिपायला. तारा गेला तर 'गेला' म्हणायचं, आला तर 'आला'. किती आधी चालू करायचं ते मी विचारलं नव्हतं, म्हणून सात वाजताच करून टाकलं. रस्त्यावरच्या दिव्याचा उजेड पाठीमागून नेमका डोळा लावायच्या भिंगावर पडत होता, तर टाचणीबाईंनी आपण होऊन त्यांची तीच ती चादर आणली आणि कुंपणावर चढून दिव्याच्या आड धरून उभ्या राहिल्या. तो तारा परसाच्या एकाच कोपऱ्यातून दिसतो, शेजारच्या पत्र्याच्या आणि झाडाच्या मधे, आणि त्याच कोपऱ्यात न्हाणीघरावरच्या टाकीचा ओसंडणारा पाइप येतो. मी मोटार चालू करून विसरले होते. सात चाळीसला टाकी भरली.

पाणी आधी पावलावर, मग पदरावर, मग खांद्यावर. थंडीचे दिवस, वन्सं. टाचणीबाई वरून ओरडल्या, "अहो, मोटार!" मी म्हटलं, "कळतंय." त्या म्हणाल्या, "अहो, भिजताय!" मी म्हटलं, "तेही कळतंय." मी हलले असते तर तारा गेला असता, म्हणजे दुर्बिणीतून; तिला मोटार नाही, एका हाताने चक्र हळूहळू फिरवत राहावं लागतं. शेवटी त्यांनी चादर कुंपणाला अडकवली, उडी मारली आणि अंधारात हाताला लागलं ते बटण बंद केलं. ते मेन स्विच निघालं. अख्खं घर काळं ठिक्कर. आणि परसात इतका सुंदर अंधार झाला की माझा तारा एकदम दुप्पट उजळ वाटायला लागला.

आणि तो गेला.

मी "गेला!" म्हणाले. म्हणजे म्हणाले असणार, कारण ते टिपलेलं आहे. वन्सं, मला याबद्दल नीट लिहिता येईल असं वाटत नाही. आवाज नाही, लुकलुकणं नाही, मंद होणं नाही. कागदावर एखाद्या अक्षरावरचं टिंब कोणीतरी अलगद उचलावं तसं झालं. बाजूचे दोघं आपापल्या जागी, आणि मधे काही नाही. पंचवीस कोटी किलोमीटरवर एक दगड, त्याला नाव नाही, कोणी त्याला जवळून बघितलेलं नाही, आणि त्या क्षणी तो माझ्या आणि त्या ताऱ्याच्या बरोबर मधे आला होता. मग टिंब परत ठेवलं. "आला!" म्हणाले. मी रडत होते की पाइपाचं पाणी होतं ते मला सांगता येणार नाही, कारण सरळ तोंडावर येत होतं. टाचणीबाई घरातून ओरडल्या, "कोण आलं?"

साडेनऊला हे परतले. अंगावर कोंबड्यांची पिसं, चेहरा पडलेला. "नाही गेला," म्हणाले, "चौघांपैकी कुणाचाच नाही गेला." मी म्हटलं, "माझा गेला." त्यांनी माझ्याकडे पाहिलं, ओल्या पदराकडे पाहिलं, मग कुंपणाकडे पाहिलं. "अगं," ते अगदी हळूच म्हणाले, "चादर?"

मी त्या रात्री आणि दुसऱ्या दिवशी त्यांच्याशी बोलले नाही. राग कमी आणि धास्ती जास्त होती. मध्यरेषेवर चार अनुभवी माणसांना काही दिसत नाही, आणि पस्तीस किलोमीटर लांब पाइपाखाली उभी असलेली बाई म्हणते मला दिसलं. सव्वीस वर्षं मी साक्षी लिहून घेते आहे, अशा साक्षीचं काय होतं ते मला ठाऊक आहे. शिवाय आता मलाच शंका यायला लागली. पापणी लवली असेल का? पाणी भिंगावर आलं असेल का?

संध्याकाळी सर आले. यांनी त्यांना खुर्ची दिली आणि मला समोर बसवलं. साक्षीदाराचा पिंजरा तेवढा नव्हता. सरांनी विचारलं, "हळूहळू गेला की एकदम?"

"एकदम."

"पापणी मिटली नसेल कशावरून?"

"पापणी मिटली तर सगळेच जातात. बाजूची जोडी जागेवर होती."

सरांनी कप खाली ठेवला. "भिंगावर पाणी?"

"पाण्याने तारा फुगतो, पसरतो. आठ दिवसांत दोनदा झालं होतं. हा गेला."

"आणि ती..." सरांना शब्द उच्चारवेना. "ती कुंपणावरची?"

"चादर दिव्याच्या बाजूला होती, म्हणजे माझ्या पाठीमागे. मागून तारा झाकणारी चादर असेल तर तिचं वेगळं निरीक्षण करा."

हे भिंतीकडे तोंड करून हसले. मला ते दिसलं. मग सरांनी मोबाईल कानाला लावला आणि ओसरीत बसून अख्खं टिपण ऐकलं, कारण मिनिटांचे 'पीं' पहिल्यापासून मोजावे लागतात. बेचाळीस मिनिटं. मधेच त्यांना हसू येत होतं, ते का ते तेव्हा माझ्या लक्षात आलं नाही. शेवटी म्हणाले, "दोन पूर्णांक आठ सेकंद. पण एकटीच साक्ष आहे वहिनी. दुसरी हवी."

दुसरी साक्ष रात्री जेवताना सरांच्याच फोनवरून आली. आपल्या दक्षिणेला अठरा किलोमीटरवर जनावरांच्या एक डॉक्टरीणबाई आहेत. त्या कोणत्याच मंडळीत नाहीत, स्वतःच्या हौसेने गोठ्याच्या छपरावरून बघतात. त्यांनी कुठून तरी सरांचा नंबर मिळवून फोन केला होता, की तुमचा अंदाज चुकला का हो, माझ्याकडे साडेतीन सेकंद तारा गेला, तोही माझ्या गाईला कळा येत असताना. म्हणजे सावली सगळीच्या सगळी दक्षिणेला सरकली होती! मध्यरेषा त्या गोठ्याजवळून गेली, काठाजवळ आपलं परस, आणि हे चौघं पट्ट्याच्या साफ बाहेर कोंबड्यांमधे. सर फोनवर इतक्या मोठ्याने हसले की यांनी तो कानापासून लांब धरला. दोन माणसांच्या दोन वेळा, वन्सं, आणि त्यावरून सरांनी कागदावर त्या दगडाचा एक कडेचा तुकडा काढला. बाकी रिकामं. पण तेवढा तुकडा आता माणसाला माहीत आहे, आणि त्यातला थोडा मी सांगितलेला आहे.

मला वाटलं होतं, यांना वाईट वाटेल. चार वर्षं, बारा खेपा, आणि दिसलं कोणाला, तर 'काही घडायचंच नाहीये' म्हणून ठेवलेल्या बायकोला. जेवण झाल्यावर हे परसात गेले, बराच वेळ त्या कोपऱ्यात उभे राहिले. मी भांडी आवरत होते. मग स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले, आणि लग्नानंतर पहिल्यांदा बाजारात हात धरताना जसे लाजले होते तसे लाजत म्हणाले, "कसं दिसतं गं?"

मी सांगितलं. ते म्हणाले, "पुन्हा सांग." मी पुन्हा सांगितलं. टिंब उचललं तो भाग तिसऱ्यांदा सांगायला लावला आणि डोळे मिटून ऐकला. दुसऱ्या दिवसापासून ते ज्या ज्या लिफ्टमध्ये शिरतात तिथल्या माणसांना हे सांगतात. माणसं तळमजल्यावर पोचली तरी दार धरून ठेवतात. तुम्हाला तो फोन आला तो असाच एका लिफ्टमधून. सरांनी आमची दोघांची परीक्षाही घेतली, वर्तमानपत्राआड विजेरी लावून, विझली की 'गेला' म्हणायचं; मला लागले सेकंदाचे तीन दशांश, यांना सात. सर म्हणाले, वहिनी, हे कुठे शिकलात? मी म्हटलं, वकिलांची घाई माझ्या बोटांत उतरली आहे. तुमचे बंधू म्हणाले, लिफ्टच्या माणसाला घाई करून चालत नाही. दोघांचंही खरं आहे.

तर असा हा दगड. छप्पर ठीक आहे, पदर वाळला, मेन स्विचवर आता मोठ्या अक्षरांत चिठ्ठी लावली आहे. भावजींना नमस्कार, गुडघ्याला शेक, आणि फोन उजव्या कानाला.

तुमची,
भिजून वाळलेली
वहिनी

ता. क. एक मागणं आहे. पुढच्या महिन्याच्या नऊ तारखेला, संध्याकाळी सव्वासातला, आणखी एक पिधान आहे आणि सरांच्या कागदाप्रमाणे मध्यरेषा तुमच्या गच्चीवरून, कपडे वाळत घालायच्या तारेच्या जरा अलीकडून जाते. हे मला म्हणतात, आता तूच बघ, मी तुझं स्टूल धरतो. हे मला चालणार नाही. त्यांनी एकदा तरी स्वतःच्या डोळ्यांनी बघायला हवं. तेव्हा तुम्हीच त्यांना बोलावून घ्या. ताईची आज्ञा म्हटल्यावर ते नाही म्हणणार नाहीत. मी सुचवलं हे सांगू नका.

ता. क. २. येताना ते माझं टिपण तुम्हाला ऐकवायला आणतील. ऐका, पण अकराव्या मिनिटापासून सोळाव्यापर्यंत कृपा करून चहा करायला आत जा. टाचणीबाईंनी तुमचा विषय काढला होता. तुमची पत्रं जरा लांब असतात एवढंच मी म्हणाले. (हे पत्र किती पानी झालं ते मी मोजलेलं नाही.) आणि तुम्ही विणून पाठवलेला स्वेटर दुर्बिणीला अगदी मापात बसतो, दवापासून फार जपतो, असंही म्हणाले. त्यात वाईट हेतू नव्हता. स्वेटर खरंच चांगला आहे, दुर्बीण रोज घालते.

ता. क. ३. नऊ तारखेला मी यांच्याबरोबर नसेन. डॉक्टरीणबाईंनी त्यांच्या जीपमधून मला न्यायचं कबूल केलं आहे; तुमच्या गच्चीपासून अठ्ठावीस किलोमीटर दक्षिणेला एक मोकळं शेत त्यांनी हेरून ठेवलं आहे. सावली तुमच्या गच्चीवर पडली तर माझ्याइतका आनंद कोणाला होणार नाही, हे तुम्ही जाणताच. पण सर म्हणतात की याही वेळचा अंदाज चुकला तर बहुधा दक्षिणेलाच चुकेल. यांना हे कळवण्याची घाई नाही. दहा तारखेला मीच सांगेन.